थकव्याला वास नसतो

22 मे 2010 च्या पहाटे दुबईहून निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग 737 विमान सहा वाजून गेल्यावर मंगळुरूला पोहोचलं. मंगळुरूची धावपट्टी डोंगर सपाट करून बांधलेली आहे. तिच्या टोकापलीकडे जमीन नाही, थेट दरी आहे. विमान धावपट्टीवर टेकलं, पण थांबलं नाही. टोक ओलांडून ते दरीत कोसळलं आणि पेटलं. विमानातल्या 166 जणांपैकी 158 जण गेले, आठ वाचले.

चौकशी न्यायालयाचे प्रमुख होते निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले. हवाई दलाचे उपप्रमुख म्हणून काम केलेला हा अनुभवी वैमानिक. त्यांच्यासमोर कॉकपिटमधल्या संभाषणाचं सुमारे दोन तास पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण होतं. त्यातल्या पहिल्या जवळजवळ एक तास चाळीस मिनिटांत कॅप्टनचं बोलणं नव्हतं. ऐकू येत होते ते घोरण्याचे आणि संथ श्वासाचे आवाज.

कॅप्टनला जाग आली तेव्हा उतरण्याची वेळ जवळ आली होती. विमान असायला हवं त्यापेक्षा खूप उंचावर होतं. अशा वेळी उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जायचं आणि एक फेरी मारून यायचं, असा नियम आहे. वैमानिकांच्या भाषेत ‘गो अराउंड’. सहवैमानिकाने तीन वेळा तसं सुचवलं. कॅप्टन खालीच येत राहिला. सुमारे 8,000 फुटांच्या धावपट्टीतली 5,200 फूट मागे पडल्यावर चाकं टेकली. उतरण्याचा चुकलेला प्रयत्न वेळीच सोडला नाही, हे अपघाताचं थेट कारण चौकशीत ठरलं. त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींमध्ये लांब झोपेतून उठल्यानंतरची गुंगी होती. गाढ झोपेतून जागा झालेला माणूस बोलतो, हालचाल करतो, पण त्याची निर्णयशक्ती पूर्ण जागी व्हायला वेळ लागतो.

हा कॅप्टन नुकताच रजेवरून परतला होता. म्हणजे तो आठवडाभर राबून दमलेला नव्हता. तरीही रात्रीच्या त्या प्रहराने त्याला गाठलं. वैमानिकाच्या थकव्याविषयी बोलताना ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते, कारण थकवा म्हणजे केवळ जास्त काम नव्हे. आणि तो पकडणारं कुठलंही यंत्र विमानतळावर नसतं. दारूसाठी मात्र आहे.

दारूविरुद्धचे नियम अपघातांतून आणि घोटाळ्यांतून घडत गेले. 13 जानेवारी 1977 ला अलास्कातल्या अँकरेज इथून जपान एअर लाइन्सचं डीसी-8 मालवाहू विमान जिवंत गुरं घेऊन टोकियोकडे निघालं आणि उड्डाण होताच कोसळलं. तीन वैमानिक-कर्मचारी आणि गुरांची देखभाल करणारे दोघे, असे पाचजण मरण पावले. कॅप्टनच्या रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 298 मिलिग्रॅम मद्यार्क सापडला. त्याला विमानतळाकडे आणणाऱ्या टॅक्सीवाल्याला तो प्यायलेला आहे हे कळलं होतं. शेजारी बसलेल्या सहकाऱ्यांनी मात्र त्याला अडवलं नाही.

मार्च 1990 मध्ये अमेरिकेतल्या फार्गोहून मिनिअ‍ॅपलिसला आलेल्या नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या बोइंग 727 मधल्या तिन्ही वैमानिकांना विमान उतरल्यावर अटक झाली. आदल्या रात्री बारमध्ये ते किती पीत होते हे पाहिलेल्या एकाने अधिकाऱ्यांना कळवलं होतं. तिघांनाही तुरुंगवास झाला. अलीकडचं गाजलेलं प्रकरण ऑक्टोबर 2018 चं. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या सहवैमानिकाच्या तोंडाला येणारा वास कर्मचाऱ्यांच्या बसचालकाला जाणवला. त्याने पोलिसांना बोलावलं. सहवैमानिकाच्या रक्तात 189 मिलिग्रॅम मद्यार्क निघाला. ब्रिटनमध्ये वैमानिकासाठी मर्यादा आहे 20 मिलिग्रॅमची. त्याला दहा महिन्यांची कैद झाली आणि पुढच्या वर्षी जपानने वैमानिकांची श्वासचाचणी सक्तीची केली.

या तिन्ही घटनांत एक धागा आहे. टॅक्सीवाला, बारमधला गिऱ्हाईक, बसचालक: दारू पकडली ती बाहेरच्या माणसाने, डोळ्यांनी किंवा नाकाने. दारू दिसते, तिचा वास येतो, आणि रक्तात ती मिलिग्रॅममध्ये मोजता येते. म्हणूनच तिच्यावर कायदा करणं तुलनेने सोपं गेलं.

तरी देशोदेशीचे नियम सारखे नाहीत. अमेरिकेत शेवटचा घोट आणि उड्डाण यांत निदान आठ तासांचं अंतर लागतं आणि रक्तातलं प्रमाण 0.04 टक्क्यांच्या खाली असावं लागतं. युरोपातली मर्यादा त्याच्या निम्मी आहे. भारताचा नियम यापेक्षा कडक आहे: उड्डाणाआधीचे बारा तास मद्य वर्ज्य आणि श्वासात मद्यार्काचं प्रमाण शून्य. अमेरिकेत अचानक निवडलेल्यांची तपासणी होते. भारतात कामाला लागण्याआधी वैमानिक आणि केबिन कर्मचारी या सर्वांचीच श्वासचाचणी घेण्याची पद्धत आहे. परदेशातून निघालेल्या विमानाच्या वैमानिकांची चाचणी भारतात उतरल्यावर होते.

चाचणीचं यंत्र म्हणजे ब्रीथ अ‍ॅनलायझर. वैमानिक नळीत दीर्घ फुंकर मारतो आणि आकडा उमटतो. आकडा शून्य नसला तर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चाचणी घेतात, कारण तोंडात रेंगाळणारा मद्यार्क तेवढ्या वेळात उडून जातो. रक्तातून फुप्फुसात येणारा मात्र जात नाही. दुसऱ्यांदाही आकडा आला तर प्रकरण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे जातं. पहिल्या खेपेला परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. 2018 मध्ये लंडनला जाणाऱ्या विमानाआधीच्या चाचणीत एअर इंडियाचे खुद्द उड्डाण विभागाचे संचालक नापास झाले तेव्हा त्यांचाही परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला. 2023 मध्ये डीजीसीएने मद्यार्क असलेला माउथवॉश आणि टूथ जेलही वापरायचं नाही, असं नियमात घातलं.

इतका कडकपणा कशासाठी, हे समजायला शरीरातला हिशेब पाहावा लागतो. यकृत मद्यार्काचा निचरा जवळपास ठरावीक वेगाने करतं: दर 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला सुमारे 15 मिलिग्रॅम. कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, लिंबूपाणी यांनी हा वेग वाढत नाही. हीथ्रोच्या सहवैमानिकाच्या रक्तातले 189 मिलिग्रॅम उतरायला साडेबारा तासांच्या आसपास लागले असते. म्हणजे पकडला गेल्या क्षणापासून बारा तास थांबला असता तरी तो शून्यावर आला नसता. तासांचा नियम एकटा पुरत नाही, मोजणीही लागते, ती यासाठी.

रक्त शून्यावर आलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. आंतरकर्णातल्या संतुलनाच्या द्रवात मद्यार्क शिरतो आणि सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे डोकं हलवल्यावर भोवळ येण्याची प्रवृत्ती पुढेही काही तास राहते. ढगात शिरल्यावर वैमानिकाला क्षितिज दिसत नाही. तिथे कानाने दिलेला चुकीचा संदेश धोक्याचा ठरतो. 1986 मध्ये अमेरिकेतल्या संशोधक येसावेज आणि लीरर यांनी नौदलाच्या दहा वैमानिकांना मद्य दिलं आणि चौदा तासांनी सिम्युलेटरमध्ये बसवलं. तेव्हाही त्यांचं विमानावरचं नियंत्रण नेहमीपेक्षा सैल होतं.

मद्य आणि थकवा यांचं नातं इथेच सुरू होतं. परक्या शहरातल्या हॉटेलात, भलत्याच वेळी, पडदे ओढून झोपायचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला एखादा पेग झोपेचं औषध वाटतो. डोळा लवकर लागतो हे खरं. पण मद्याने आलेली झोप रात्रीच्या उत्तरार्धात तुटत राहते आणि स्वप्नांची झोप कमी होते. माणूस नियमाप्रमाणे बारा तासांनी, शून्य आकड्याने, कामावर येतो. पण विश्रांती झालेली नसते.

1997 मध्ये ऑस्ट्रेलियातले संशोधक ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना एकदा सलग जागं ठेवलं आणि एकदा ठरावीक अंतराने मद्य दिलं. दोन्ही वेळा हात-डोळ्यांच्या समन्वयाची एकच चाचणी घेतली. सतरा तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्यांइतकी घसरली. चोवीस तास जागलेल्यांची 0.10 टक्के असलेल्यांइतकी. अमेरिकेत वैमानिकाला 0.04 टक्क्याला उड्डाणबंदी होते. त्या हिशेबाने सकाळी सहाला उठून रात्री अकरानंतर विमान उतरवणारा माणूस ही रेषा ओलांडून गेलेला असतो. फरक इतकाच की नळीत फुंकर मारली तर त्याचा आकडा शून्य येईल.

7 जुलै 2017 च्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोमध्ये काय घडलं ते पाहा. एअर कॅनडाचं एअरबस ए320 उतरायला येत होतं. वैमानिकांनी धावपट्टी समजून शेजारच्या टॅक्सीवेवर नेम धरला. तिथे प्रवाशांनी भरलेली चार विमानं उड्डाणाची वाट पाहत उभी होती. विमान जमिनीपासून साठेक फुटांवर आलं आणि शेवटच्या क्षणी वर उचललं गेलं. कॅप्टन तोवर एकोणीस तासांहून अधिक काळ जागा होता. त्या दिवशी तो राखीव वैमानिक होता, आणि कॅनडाच्या तेव्हाच्या नियमांत त्याचं हे सगळं बसत होतं. हजाराहून अधिक जीव थोडक्यात वाचले.

थकवा तीन वाटांनी येतो. एक, त्या दिवशी किती तास जागं राहिलात. दुसरी, गेल्या काही रात्रींची किती झोप थकली आहे. तिसरी वाट घड्याळाची, आणि सर्वात कमी समजली जाणारी. आपल्या मेंदूत दिवसरात्रीचं स्वतःचं घड्याळ आहे. पहाटे दोन ते सहा या काळात शरीराचं तापमान आणि सावधपणा तळाला जातो. आधी किती झोप झाली आहे यावर ही ओहोटी फारशी अवलंबून नसते. मंगळुरूचं विमान याच प्रहरात उडत होतं. या वेळी मेंदू काही सेकंदांच्या डुलक्या घेतो. डोळे उघडे असू शकतात आणि डुलकी लागली होती हे त्या माणसालाही कळत नाही. दमलेल्या माणसाला आपण किती दमलो आहोत याचा अंदाज नीट येत नाही. ‘मला काही होत नाही’ असं प्यायलेला माणूस म्हणतो, तसंच जागरण झालेलाही म्हणतो.

कायद्याला हे समजायला फार काळ लागला. ग्वांतानामो इथे ऑगस्ट 1993 मध्ये एक मालवाहू डीसी-8 धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून पहिल्यांदा नोंदवलं ते या प्रकरणात. पण नियम बदलायला आणखी मृत्यू लागले. 12 फेब्रुवारी 2009 ला कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ एका घरावर पडलं. जमिनीवरच्या एकासह पन्नास जण दगावले. सहवैमानिक तरुणी आदल्या रात्री दुसऱ्या विमानांतून सिअ‍ॅटलहून न्यूअर्कपर्यंत देश ओलांडून कामावर आली होती. कॅप्टनने विमानतळावरच्या कर्मचारी कक्षात रात्र काढली होती. मृतांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा जानेवारी 2014 पासून नवे नियम लागू झाले: कामाआधी किमान दहा तासांची विश्रांती आणि त्यात सलग आठ तास झोपायची संधी.

मालवाहू विमानांना मात्र या नियमांतून वगळलं. नियम लागू होण्याआधीच, ऑगस्ट 2013 मध्ये, यूपीएसचं एक मालवाहू एअरबस पहाटे अलाबामातल्या बर्मिंगहॅमजवळ टेकडीवर आदळलं. दोन्ही वैमानिक गेले. ध्वनिमुद्रणात ते याच विषयावर बोलत होते: नवे विश्रांतीचे नियम प्रवासी विमानांच्या वैमानिकांना, मग आम्हाला का नाहीत?

भारतात कामाच्या तासांच्या नियमांना वैमानिक ‘एफडीटीएल’ म्हणतात. वर्षात हजार तासांपेक्षा जास्त उड्डाण नाही, अशा ढोबळ मर्यादा बऱ्याच काळापासून होत्या. पण खरा ताण रात्रीचा होता. ऑगस्ट 2023 मध्ये नागपूर विमानतळावर पुण्याला विमान न्यायला निघालेला चाळिशीचा एक वैमानिक बोर्डिंग गेटपाशी कोसळला आणि दगावला. आदल्या दिवशी पहाटे त्याने दोन उड्डाणं केली होती, त्यानंतर त्याला 27 तासांची विश्रांती मिळाली होती. मृत्यू थकव्यामुळे झाला असं म्हणता येत नाही. विश्रांती नियमांपेक्षा जास्तच होती. तरी या घटनेने वैमानिकांच्या रोस्टरचा प्रश्न वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणला.

जानेवारी 2024 मध्ये डीजीसीएने नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 तास झाली. ‘रात्र’ पहाटे पाचऐवजी सहापर्यंत धरली जाऊ लागली. रात्रीच्या ड्यूटीत जास्तीत जास्त सहा लँडिंग करता येत होती, ती दोनवर आली. कंपन्यांनी दर तीन महिन्यांनी थकव्याच्या तक्रारींचा अहवाल द्यायचा आणि तक्रार करणाऱ्यावर कारवाई करायची नाही, असंही ठरलं. यातला प्रत्येक आकडा पहाटेच्या त्या ओहोटीकडे पाहून ठरवलेला आहे. लँडिंगची संख्या का महत्त्वाची? कारण ऑटोपायलटवर तासभर सरळ उडणं आणि पहाटे चार वाजता पावसात विमान उतरवणं यांत मेंदूला पडणारा ताण वेगळा असतो. छोट्या अंतराच्या चार फेऱ्या म्हणजे तो ताण चार वेळा.

नियम जून 2024 मध्ये लागू व्हायचे होते. कंपन्यांनी जास्त वैमानिक लागतील म्हणून मुदत मागितली आणि अंमलबजावणी पुढे गेली. वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. शेवटी काही कलमं 1 जुलै 2025 पासून आणि रात्रीच्या कामाची उरलेली कलमं 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. त्यानंतर महिनाभरातच, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, देशातली सर्वात मोठी विमान कंपनी इंडिगो कोलमडली. 5 डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून अधिक उड्डाणं रद्द झाली. मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरूच्या टर्मिनलांत बॅगांचे ढीग साचले. कंपनीने नियोजनात उणिवा राहिल्याचं मान्य केलं. आणि सरकारने काय केलं? रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून इंडिगोला 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत तात्पुरती सूट दिली.

ही सूट चुकीची होती. प्रवाशांचे हाल खरे होते, कुणाची लग्नं, कुणाच्या परीक्षा, कुणाचे अंत्यविधी हुकले. पण नियम जाहीर झाल्यापासून तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली होती. श्वासचाचणीच्या बाबतीत अशी सवलत कुणाला मागता आली असती का? ‘वैमानिक कमी आहेत, तेव्हा दोन महिने थोडे प्यायलेले चालतील’ असं म्हणायची कुठल्याच कंपनीची हिंमत झाली नसती. डॉसन आणि रीड यांचे आकडे खरे मानायचे तर रात्रीच्या नियमांतली सूट ही त्याच जातीची आहे.

नियमांनी सगळं सुटत नाही, हेही मान्य करायला हवं. 25 जानेवारी 2024 ला इंडोनेशियात केंडारीहून जकार्ताला निघालेल्या बाटिक एअरच्या विमानात 153 प्रवासी होते. कॅप्टनने सहवैमानिकाला सांगून विश्रांती घेतली. थोड्या वेळाने सहवैमानिकालाही झोप लागली. 28 मिनिटं नियंत्रण कक्षाच्या हाकांना उत्तर मिळालं नाही आणि विमान मार्ग सोडून गेलं. कॅप्टनला जाग आली, विमान सुखरूप उतरलं. सहवैमानिकाच्या घरी महिन्याची जुळी बाळं होती. रोस्टरमधली विश्रांती कागदावर पुरेशी असू शकते. घरातली झोप रोस्टर ठरवत नाही.

अशा वेळी उपयोगी पडतो तो उपाय नासाने दाखवला होता. लांब पल्ल्याच्या विमानांतल्या वैमानिकांना आळीपाळीने, दुसरा जागा असताना, चाळीस मिनिटं डोळे मिटायची परवानगी दिली. त्यांना सरासरी 26 मिनिटं झोप लागली आणि नंतरच्या चाचण्यांत कामगिरी 34 टक्क्यांनी, सावधपणा 54 टक्क्यांनी सुधारला. डुलकी छोटी ठेवण्यात शहाणपण आहे. ती लांबली तर माणूस गाढ झोपेत जातो आणि मंगळुरूसारखी गुंगी मागे राहते. अनेक देशांत अशी नियंत्रित विश्रांती आज मान्य आहे. तिची पूर्वअट एकच: दुसऱ्याने पूर्ण जागं असणं.

पण सगळ्यात परिणामकारक उपाय अजूनही वैमानिकाच्या तोंडून निघणारं एक वाक्य आहे: ‘मी आज उडवण्याच्या स्थितीत नाही.’ दारूच्या व्यसनाबाबत अमेरिकेने 1970 च्या दशकातच असा रस्ता काढला. हिम्स नावाच्या कार्यक्रमात वैमानिक स्वतःहून उपचार घेतो, कडक देखरेखीखाली राहतो आणि बरा झाल्यावर कॉकपिटमध्ये परततो. फार्गो प्रकरणातला कॅप्टन तुरुंगातून सुटून, व्यसन सोडून, त्याच कंपनीत पुन्हा विमान चालवू लागला. लपवण्यापेक्षा सांगणं परवडलं पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे. थकव्याच्या बाबतीत ते दहापट लागू पडतं, कारण इथे साक्ष द्यायला माणूस सोडून दुसरं कुणीच नाही. नियमात तक्रार करणाऱ्याला संरक्षण आहे. प्रत्यक्षात ‘थकलो’ म्हणणाऱ्याला पगारकपात, चौकशा किंवा वाईट रोस्टर सोसावं लागलं, तर तो पुढच्या वेळी गप्प बसेल आणि उड्डाण करेल.

प्रवाशाच्या हातातही थोडं आहे. ‘वैमानिकांची कामाची वेळ संपल्यामुळे विमान रद्द’ अशी घोषणा कधी कानावर आली, तर काउंटरवरच्या मुलीवर आवाज चढवू नये. आपल्यासाठी केलेला नियम त्या क्षणी पाळला जातो आहे. जाब विचारायचा तो कंपनीला, की राखीव वैमानिक का ठेवले नव्हते, आणि सरकारला, की पुढच्या गोंधळात पुन्हा सूट देणार का.